नकाशावरचे आयर्लंड

आयर्लंडच्या पहिल्या प्रवासाचा आराखडा आम्ही दोघांनी प्रथम आखला तो एखाद्या अभ्यासक्रमासारखा. सात दिवस, डब्लिन, केरी, गॉलवे, अॅरन बेटे, स्लायगो. जॉइस, सिंग, येट्स यांपैकी कोणीही वगळायचा नाही. डब्लिन ते गॉलवे हे सुमारे 210 किलोमीटर अंतर मोटरवेने अडीच तासांत कापता येते. त्याच हिशेबाने केरीचा 179 किलोमीटरांचा फेरा आम्ही दोन तासांत बसवला, आणि फसलो. तो रस्ता अरुंद, वळणावळणाचा, ठायी ठायी थांबायला लावणारा. शिवाय फेब्रुवारी 2025 पासून तिथल्या ग्रामीण स्थानिक रस्त्यांवरील वेगमर्यादा ताशी 80 वरून 60 किलोमीटरवर आली आहे. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची, एवढाच काय तो दिलासा.

मग वगळणे आले. 'रायडर्स टू द सी' आम्ही वर्षानुवर्षे शिकवले ते कोकणचा समुद्र डोळ्यांसमोर ठेवून. सिंग 1898 साली अॅरनला प्रथम गेला आणि पुढे पुनःपुन्हा तिथे जाऊन राहिला. त्या बेटांना आम्ही अर्धा दिवस द्यावा, याची लाज वाटली. केरी गाळले, ड्रमक्लिफची येट्सची कबरही गाळली. आता इनिशमानवर दोन रात्री. गाडी अलीकडच्या धक्क्यापाशीच उभी राहील.

स्लायगोला पुन्हा येऊ, असे आम्ही एकमेकांना म्हणतो खरे. पण दोघांनीही साठी ओलांडली आहे; त्यापुढचे कोणी बोलत नाही.