आठची टेकडी

तंबूतला मुक्काम म्हणजे जगाशी काडीमोड, असे माझे मित्र म्हणतात. म्हणोत बापडे! घरी ऐंशीची आई असली की माणसाला इंटरनेट लागतेच. भंडारदऱ्याला मी ते असे मिळवतो : मोबाइलच्या लहरी डोंगर अडवतात, म्हणून खोलगट जागा सोडून टॉवरच्या बाजूचा उंचवटा गाठायचा. रेंज शोधताना बॅटरी झपाट्याने उतरते. तेव्हा दिवसभर फोन बंद. रात्री आठला टेकडीवर जातो. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर अंधारात बुडालेले असते. पडद्यावर आईचा चेहरा अडखळत उमटतो, "जेवलास का रे?" रेंजचा भरवसा कोणी द्यावा? पण आठ वाजले की मुलगा टेकडी चढणार, हे तिला ठाऊक असते. तोवर ती निर्धास्त.