गेरूच्या पट्ट्यावरचा झिरा

परतूर स्टेशनात उतरलो ते एका ओढ्यासाठी. दुधनेला मिळणाऱ्या या ओढ्याला नाव नाही. शिवारात त्याला नुसतं 'वढा' म्हणतात. निजामाच्या राजवटीत, १९००च्या सुमारास सुरू झालेला मनमाड–काचीगुडा लोहमार्ग मागे पडला. वाटेत भेटलेले एक म्हातारे मामा सोबत आले. जालना जिल्हा १ मे १९८१ला झाला, त्याआधी परतूर परभणीत. मामांच्या बोलण्यात 'जिल्ह्याला गेलो' म्हणजे अजून परभणीच.

ओढ्यात उतरलो. शेजारी पुरुषभर उंचीची दरड. माथ्यावर काळी, उन्हानं इतकी भेगाळलेली की तळहात सहज आत गेला. हीच माती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि पुढचा पाऊस वरून वाहून जातो. असले ओढे बघता बघता दुथडी भरतात नि लवकर आटतात, ते यामुळेच. काळीखाली चुनखडीचे खडे, मग मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा थरावर थर पसरला. ही भोकं त्यात अडकलेल्या वायूची. एक खडा फोडला, तर भोकात भरलेलं पांढरं खनिज साखरेसारखं चकाकलं.

त्याखाली वीतभर विटकरी पट्टा. दोन थरांमधल्या काळात जुन्या लाव्ह्याची झीज होऊन माती झाली, वर नवा लाव्हा आला आणि ती भाजून निघाली. मामा तिला गेरू म्हणाले. ही चिकट माती पाणी खाली सोडत नाही. मांजऱ्यात मुरलेलं पाणी तिच्यावर अडतं नि बाजूनं पाझरतं.

"बहात्तरच्या दुष्काळात सगळी वस्ती हितंच घागरी भरायची," मामा म्हणाले.

थोडं पुढे पोकलेननं हाच पट्टा फोडून ओढा खोल केलाय. तळाशी काळा पाषाण उघडा, कोरडा, पाझर गेला. २०१२-१३चा दुष्काळ ज्यांनी काढला त्यांना खोलीकरण करू नका असं मी कसं सांगू? पण यंत्र लावण्याआधी कुणीतरी या दरडीसमोर घटकाभर उभं राहायला हवं होतं.

मामांनी वरच्या अंगाला, जिथं गेरू शाबूत होता, हातानं वाळू उकरली. आधी ओल, मग गढूळ पाणी, मग निवळ. ओंजळभर प्यायलो, गार होतं. निघताना गुरांनी तुडवू नये म्हणून त्यांनी झिऱ्यावर बाभळीची फांदी आडवी टाकली.