कपाटाची किल्ली



मुगाच्या पापडांच्या वेळी दोघीतिघींनी मला विचारलं, "तू गोष्टी लिहितेस ना, आम्हाला जमेल का गं?" जमेल. पण आधी माझी फसलेली गोष्ट ऐका.

पहिली गोष्ट मी नणंदेवर लिहिली. लग्नानंतर दोन वर्षांनी ती परत आली आणि आठ महिने आमच्याकडे नेरूळला राहिली. मी नाव बदललं, नगरचं सोलापूर केलं आणि महिला मंडळात गोष्ट वाचून दाखवली. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं, मी खूश! चहा होईपर्यंत ती कोण हे सगळ्यांना कळलं होतं. त्या संवत्सरीला तिचा फोन आला नाही. मीच केला, तर "मिच्छामि दुक्कडं" एवढंच म्हणून तिने ठेवून दिला.

वर्षभर मी एक ओळ लिहिली नाही.

पुढच्या चातुर्मासात स्थानकात (रेल्वेच्या नव्हे, आपल्या) महासतीजींनी 'कुवलयमाला' सांगायला घेतली. उद्योतनसूरींनी ही प्राकृत कथा जालोरला इ.स. 779 मध्ये पूर्ण केली. शके 700 संपायला एक दिवस कमी होता, असं त्यांनीच नोंदवून ठेवलंय. त्यातल्या बाजारात देशोदेशीचे व्यापारी आपापल्या बोलीत बोलतात, त्यांत आपले मराठी लोकही आहेत! पण मला धरून ठेवलं ते पाच जणांनी: चंडसोम, मानभट, मायादित्य, लोभदेव, मोहदत्त. दोष नावातच, लपवालपवी नाही. मायादित्य रत्नांसाठी स्वतःच्या मित्राला विहिरीत ढकलतो. तो मित्र मात्र पुढेही त्याला जपतो. मग मायादित्य पश्चात्तापाने पोळतो आणि शेवटी दीक्षा घेतो. पाचही जण घेतात. एवढं पाप करणाऱ्याला कथा टाकून देत नाही, जन्मोजन्मी त्याच्याबरोबर चालते.

घरी येऊन मूग निवडताना मला माझी गोष्ट आठवली. त्यात नणंद बिचारी, तिच्या सासरचे दुष्ट आणि वहिनी? वहिनी अगदी देवी. म्हणजे मीच त्यात नव्हते.

खरं असं होतं, की "राहा की गं, घर तुझंच आहे" असं मी तिला रोज म्हणायचे आणि दुपारी आडवं होण्याआधी कपाटाला कुलूप लावून किल्ली उशीखाली ठेवायचे. ती येण्याआधी त्या कपाटाला कधी कुलूप नसायचं.

तेव्हापासून लिहायला बसले की आधी स्वतःला विचारते, क्रोध, मान, माया, लोभ, यांतलं या प्रकरणात माझं काय? काहीच सापडलं नाही तर ती गोष्ट नव्हे, नुसता परपरिवाद. अठरा पापस्थानांत तो आपण रोज प्रतिक्रमणात म्हणतोच. सापडलं, की त्याची एखादी वस्तू शोधते. "मी कपटी होते" असं लिहिण्यापेक्षा किल्ली लिहिली की पुरतं. आणि लिहिते ती सामायिकानंतरच. 48 मिनिटं गप्प बसल्यावर चुरचुरीत वाक्यं आपोआप गळतात. (सामायिकात गोष्टीचा विचार येतो, तेही कबूल करते.)

ज्याच्यावरून लिहिलं त्याला आधी वाचायला द्यायचं, हे सगळ्यांत अवघड. किल्लीची गोष्ट मी वहीतच लिहिली आणि नणंदेकडे पनवेलला घेऊन गेले. आता ती तिथे नोकरी करते, एकटी राहते. तिने ओट्याशी उभ्या उभ्या वाचली. माझा घसा कोरडा पडला होता.

तिच्या लग्नातल्या शालूचा एक परिच्छेद होता, त्यावर बोट ठेवून म्हणाली, "एवढा काढ." मी तिथेच खोडला.

मग वही मिटून माझ्या हातात देत म्हणाली, "वहिनी, किल्लीचं मला तेव्हाच माहीत होतं. चहात साखर किती घालू?"