साहेब म्हणजे सोबती

'साहेब' हा शब्द मुळात अरबी. त्याचा जुना अर्थ सोबती. पैगंबरसाहेबांच्या सोबत्यांना 'सहाबा' म्हणतात, तोही याच धातूतला. पुढे त्याला मालक, धनी असे अर्थ चिकटले आणि मराठीत तर सोबतीपणा पुसूनच गेला. वर्गात हा शब्द शिकवताना मुलांना गंमत वाटते. तीच मुले कारखान्यात लागली की गंमत संपते.

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत माझे अनेक माजी विद्यार्थी कामाला आहेत. कुणी ऑपरेटर, कुणी हेल्पर, कुणी ठेकेदाराच्या हजेरीवर. भेटले की पगाराबद्दल कमी आणि 'तिकडचं वातावरण' याबद्दल जास्त बोलतात. व्यवस्थापनशास्त्र ज्याला संघटनात्मक संस्कृती म्हणते, ती हीच.

एडगर शाईन या अमेरिकन अभ्यासकाने १९८५ साली या विषयावर पुस्तक लिहिले. त्याने संस्कृतीचे तीन थर सांगितले. पहिला डोळ्यांना दिसणारा: गणवेश, फलक, खंडेनवमीला यंत्रांना घातलेले हार. दुसरा तोंडाने सांगितला जाणारा: कंपनीची मूल्ये, 'सुरक्षा प्रथम'. तिसरा कुणी बोलून दाखवत नाही, पण सगळे त्याप्रमाणेच वागतात. पहिल्या दोन थरांशी तिसरा जुळला नाही, तर आपल्याकडे त्याला साधी म्हण आहे: वरून कीर्तन, आतून तमाशा.

एका मुलाने सांगितलेली गोष्ट. रात्रपाळीत एका व्हॉल्व्हमधून वास येत होता. तो आणि त्याचा जोडीदार दोघांच्याही लक्षात आले. फलकावर सूचना होती, फोन नंबरही होता. तरी सकाळपर्यंत कुणीच कळवले नाही. मी विचारले, "का रे?" तो म्हणाला, "सर, मागच्या वेळी ज्यानं सांगितलं, त्याला दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं 'उद्यापासून येऊ नको' म्हटलं." त्या रात्री काही झाले नाही, हे नशीब. पण त्या कारखान्याचा खरा नियम मला त्या एका वाक्यात कळला. तो कुठल्याही फलकावर लिहिलेला नव्हता.

कायद्याने तर हा हक्क केव्हाच दिला आहे. भोपाळच्या वायुगळतीनंतर, १९८७ साली, कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. घातक प्रक्रियेच्या कारखान्यात जिवाला धोका आहे असे वाटले, तर कामगाराने तो वरिष्ठांच्या नजरेस आणावा आणि वरिष्ठांनी लगेच उपाय करावा, अशी तरतूद त्यात आली. पण कायदा गेटपर्यंत येतो. आत मशीनजवळ कोणाचे चालते, ते तिथली रीत ठरवते. शेजारच्या डोंबिवली एमआयडीसीत २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यांत स्फोट झाले, माणसे गेली. अशा पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी 'वातावरण' हा शब्द नुसता पुस्तकी नाही.

जपानच्या टोयोटा कंपनीत काम चालते त्या रांगेवर एक दोरी असते. काही चुकते आहे असे दिसले, की साधा कामगारही ती ओढू शकतो. मग त्याचा वरिष्ठ धावत येतो, आणि वेळेत दोष सुटला नाही तर रांग थांबते. दोरी कोणीही विकत आणून लावील. ती ओढणाऱ्याला ओरडा न बसणे, ही तिथली संस्कृती. ती बाजारात मिळत नाही. वरिष्ठ रोज कसे वागतात, कोणाला बढती देतात, वाईट बातमी आणणाऱ्याशी कसे बोलतात, यातून ती हळूहळू मुरते.

आपल्याकडे अडचण दुहेरी आहे. एकाच मशीनवर कायम कामगार आणि ठेक्याचा कामगार शेजारी उभे असतात. धोका दोघांना सारखा, पण बोलण्याची ताकद सारखी नाही. ज्याची नोकरी रोजच्या हजेरीवर टांगलेली, त्याच्याकडून धाडसाची अपेक्षा करणे सोपे असते. ते धाडस त्याला परवडेल अशी व्यवस्था करणे हे मालकाचे काम.

मुलाखतीला निघालेल्या मुलांना मी हल्ली एक सांगतो. पगार, सुट्टी, बस हे विचाराच. पण आत काम करणाऱ्या एखाद्याला चहाच्या टपरीवर गाठून हेही विचारा: "मागच्या वेळी कुणी मशीन थांबवलं, तेव्हा साहेब काय म्हणाले?" उत्तरावरून कळेल, तिथे साहेब कुठल्या अर्थाने साहेब आहेत.