जुनं भिंग, नवा कॅमेरा

कॅमेऱ्याची लेन्स हा काही लोणच्या-पापडांच्या शेजारी छापायचा विषय नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण मैत्रिणींनो, घरात मिररलेस कॅमेरा आला आणि लांबचं टिपायची हौस असली, की प्रश्न शेवटी स्वयंपाकघरातल्यासारखाच उभा राहतो. हातातल्या पैशांत चांगलं काय मिळेल? नवी टेलिफोटो लेन्स, म्हणजे दूरचं जवळ आणून दाखवणारी, विचारायला गेले तर दुकानदार वीस-पंचवीस हजारांच्या पुढेच बोलू लागला. माझी नोकरी अर्धवेळ शिक्षिकेची. तेवढ्या पैशांत घरातली किती अडलेली कामं होतील, याचा हिशेब मी दुकानाच्या पायरीवरच करून मोकळी झाले.

लेन्स मला हवी होती ती वेरूळसाठी. सहावीच्या मुलांना मी इतिहास शिकवते. पुस्तकात कैलास लेण्याचं चित्र असतं, त्यात देऊळ दिसतं, शिल्पं दिसत नाहीत. आमच्या छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ अवघं तीस किलोमीटर. पण तिथं गेलं तरी शिखराकडचे उडते गंधर्व कुठे नि आपण अंगणात मान वर करून उभ्या कुठे! मोबाईलने ओढून जवळ आणलं की चेहऱ्यांचा नुसता चिखल होतो. ह्यांचं म्हणणं, "अगं, इंटरनेटवर फोटो काय कमी आहेत?" आहेत की. पण मला मुलांना जे दाखवायचं होतं, ते मला स्वतःला आधी दिसायला हवं होतं.

मग कळलं, की फिल्मच्या कॅमेऱ्यांच्या जुन्या लेन्स ह्या नव्या कॅमेऱ्यांवर छान बसतात. कारण साधं आहे. जुन्या कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा असायचा, म्हणून लेन्स फिल्मपासून साधारण ४५ मिलिमीटर दूर बसवलेली असे. मिररलेसमध्ये आरसाच नाही, तिथं हे अंतर १६ ते २० मिलिमीटरच असतं. उरलेली जागा एका पोकळ धातूच्या कड्याने भरायची, त्याला ॲडॉप्टर म्हणतात. आत काच नसलेलाच घ्यावा. आपल्या कॅमेऱ्याचं आणि लेन्सचं, दोघांचंही माप सांगून घ्यावा, जसं कुकरचं नाव सांगून रिंग घेतो तसं.

आता कोणती घ्यावी? मी सांगेन, पहिली घ्यायची तर १३५ मिलिमीटरची. ती त्या काळी घरोघरच्या हौशी लोकांकडे असायची, म्हणून आज स्वस्तात मिळते. शिवाय बहुतेक मध्यम किमतीच्या मिररलेस कॅमेऱ्यांचा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असतो, त्यामुळे १३५ ची लेन्स २०० सारखं दाखवते. म्हणजे वरची साय फुकटच! पेंटॅक्सची ताकुमार, रशियाची ज्युपिटर-३७ए, कॅननची एफडी, निकॉनची निक्कोर, सगळ्या चांगल्या. ताकुमार आणि ज्युपिटर ४२ मिलिमीटरच्या आट्यांच्या येतात, बरणीच्या झाकणासारख्या फिरवून बसवायच्या. ५०० मिलिमीटरच्या आरशाच्या लेन्सचा आणि जुन्या लांबलचक झूमचा मोह मात्र टाळा. पहिलीवर फोकस साधता साधता जीव जातो, आणि दुसरीत काचा फार, म्हणून धुरकटपणाही फार.

नावापेक्षा महत्त्वाची ती पारख. गुलमंडीजवळच्या एका जुन्या स्टुडिओत मी लेन्स बघत होते, बरोबर सासूबाई होत्या. दुकानदाराने फडक्याने पुसून एक चकचकीत लेन्स पुढे केली. मी मागून मोबाईलची बॅटरी लावून आत पाहिलं, तर कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू. सासूबाईंनीही डोळा लावला आणि म्हणाल्या, "अगं, ही तर लोणच्यावर धरते तसली बुरशी!" अगदी तसलीच. ती काच खाते, आणि काढायचा खर्च लेन्सच्या वर जातो. ती तिथंच ठेवली. आत धुळीचे चार कण असले तर बिघडत नाही. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडाही चालतो, मागच्या काचेवरचा नको. छिद्राची कडी फिरवून पाहावी, आतली पाती कोरडी असावीत, तेलकट नकोत. फोकसची कडी एकसारखी फिरावी, अडखळली तर आतलं ग्रीस वाळलं समजा. दुसरी १३५ ची ह्या सगळ्यातून पार पडली. लेन्स अठ्ठावीसशेला, ॲडॉप्टर सहाशेला.

कॅमेऱ्यात मात्र एक सेटिंग बदलावं लागतं. 'लेन्स नसतानाही फोटो घे' अशा अर्थाचं ते असतं, नाहीतर शटर दाबलं तरी कॅमेरा ढिम्म. फोकस हातानेच करायचा, पडद्यावर चित्र मोठं करून. छिद्र ५.६ किंवा ८ वर ठेवलं की जुन्या भिंगाची कडांवरची जांभळी झाक बरीच कमी होते. शटर १/२५० च्या खाली नको, हात हलतो. कैलास लेणं आभाळाला उघडं असल्यामुळे उजेड भरपूर मिळतो. मूर्ती काही हलत नाहीत, त्यामुळे हाताने फोकस करायला मनमुराद वेळ. (वेरूळ मंगळवारी बंद असतं, बरं का.)

गंधर्व तर मिळालेच. पण खरी गंमत वेगळीच. एका फोटोत दगडावर पांढरट पापुद्रा दिसला, जुन्या गिलाव्याचा. कैलासला पूर्वी रंगमहाल म्हणत, हे मी वाचलं होतं, पण डोळ्यांना कधी दिसलं नव्हतं. वर्गात तो फोटो दाखवल्यावर एक मुलगी म्हणाली, "बाई, म्हणजे आपण बघतो ते देऊळ रंग उडालेलं आहे?" त्या दिवशी धडा पुढे सरकलाच नाही.

लेन्स आता पोळ्यांच्या जुन्या स्टीलच्या डब्यात असते, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. मूळच्या चामडी पिशवीत ठेवत नाही, चामडं ओल धरतं. पैठणला नाथसागरावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, त्यांच्यासाठी २०० ची एखादी बघावी म्हणते. उभे असतील तर जमेल, उडते मात्र हाताच्या फोकसने पकडणं कठीण. ह्यांनी परवा आपण होऊन विचारलं, "त्याला कुठला ॲडॉप्टर लागेल?" मी म्हटलं, आट्यांची मिळाली तर आहे तोच चालेल.