दूरची गिटार, जवळची गिटार

पिंक फ्लॉइड या बँडचं ‘विश यू वेअर हिअर’ हे गाणं सुरू होतं तेव्हा कुणीतरी रेडिओचा काटा फिरवत असतं. खरखर, बोलण्याचे तुकडे, क्षणभर चायकॉव्हस्कीची सिंफनी. हे सगळं बँडचा गिटारवादक डेव्हिड गिलमोरच्या गाडीतल्या रेडिओवरून घेतलेलं. मग लांबून, पातळ आवाजात बारा तारांची गिटार येते. थोड्या वेळानं दुसरी गिटार लागते, भरीव, अगदी कानाशी. खोलीत एकटाच बसलेला कुणी रेडिओला साथ करतोय.

हॉस्टेलवर माझ्या मित्रानं मला हे ऐकवलं. भरून घेतलेली कॅसेट, तिच्यावर त्याच्या बारीक अक्षरात लिहिलेली गाण्यांची नावं. निम्मे शब्द कळत नव्हते, पण त्या दोन गिटारींमधलं अंतर कळत होतं. पुढे तो ऐन उमेदीत गेला. कितीतरी महिने मला हे गाणं लावायचा धीर झाला नाही. एका रात्री लावलं, आणि दूरची गिटार त्याची झाली, जवळची माझी. पहिल्यांदाच मोकळेपणानं रडलो. धीर देणारे सगळे त्याला विसरायला सांगत होते. या गाण्यानं मला त्याला हाक मारू दिली.

या गाण्यामागेही असाच एक हरवलेला मित्र आहे: सिड बॅरेट. बँडला नाव त्यानंच दिलं, सुरुवातीची बहुतेक गाणी त्याचीच. मन ढासळत गेलं आणि 1968 साली तो बँडपासून तुटला. 1975च्या जूनमध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत बाकीचे त्याच्यावरच रचलेल्या ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’वर काम करत असताना एक स्थूल माणूस आत आला. डोकं भादरलेलं, भुवयाही काढलेल्या. कुणालाच ओळख पटेना. तो सिड होता. कळलं तेव्हा बँडमधल्या रॉजर वॉटर्सला रडू आवरलं नाही.

त्या गाण्यात गिलमोर गिटारवर चार स्वर वाजवतो आणि थांबतो. पुन्हा तेच चार स्वर, पुन्हा थांबणं. ही गोष्ट माहीत झाल्यापासून मधली ती शांतता मला सोसत नाही.

2005 साली लंडनच्या हाइड पार्कात बँडपासून दुरावलेला वॉटर्स आणि बाकीचे तिघं चोवीस वर्षांनी एका मंचावर आले. ‘विश यू वेअर हिअर’ गाताना वॉटर्सनं सिडची आठवण काढली. सिड तिथं नव्हता. पुढच्याच वर्षी जुलैत तो केंब्रिजमध्ये वारला.

तुमच्याही घरात, मनात कुणाची जागा रिकामी असेल, तर हे गाणं सुरुवातीच्या खरखरीसकट, सबंध ऐका. आणि तो माणूस अजून हयात असेल, नुसताच दुरावला असेल, तर गाणं संपल्याबरोबर त्याला फोन करा.