बारा वाजून दहा मिनिटं

1986 साली मी बारावीत भौतिकशास्त्रात नापास झालो. निकाल खिशात घालून घरी जायची हिंमत होईना, म्हणून नागपूरच्या महाल भागातल्या कूलरवाल्या काकांच्या दुकानात शिरलो. रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ बघायला गल्लीतली पोरं त्यांच्याकडे जमायची, एवढीच ओळख. काकांनी काही विचारलं नाही. कूलरच्या जुन्या ताट्या समोर टाकल्या नि म्हणाले, “झटकून दे.”

वर्षभर मी तिथेच जात राहिलो. पुस्तकात पाठ करूनही न कळलेली सुप्त उष्णता मला ओल्या ताटीपाशी हात धरल्यावर कळली. पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं, नि मेमधली आमची कोरडी हवा ते भराभर उडवते. जुलैत हवाच ओली, मग तोच कूलर नुसता चिकट वारा फेकतो. काका मोटर खोलता खोलता विचारायचे, “सांग बरं, काऊन?” उत्तर चुकलं तरी चिडत नसत. तोच प्रश्न दोन दिवसांनी पुन्हा यायचा.

त्या दिवसांत कुणी नाव विचारलं तरी मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एका संध्याकाळी काकांनी खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचं सांगितलं. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा धाडली, ती नारायण विनायक जगताप या नावानं. आपलीच आद्याक्षरं उलटी करून! परीक्षकांनी कथा वाचावी, मोठं नाव नाही, म्हणून. पहिलं बक्षीस मिळालं. “नाव झाकूनबी काम होते पोरा,” काका म्हणाले. माझं नाव झाकण्याचं कारण अगदी वेगळं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी मला त्या माणसाच्या शेजारी बसवलं. हे मी विसरू शकलेलो नाही.

दुसऱ्यांदा परीक्षा दिली. निकालाची वाट बघत असताना, 26 मेला, नवतपाच्या कडक उन्हात, काकांनी मला भर दुपारी गच्चीवर नेलं. लोखंडी पाइपचा तुकडा ओळंबा लावून उभा केला. पाय भाजत होते. सावली आखडत आखडत पाइपखाली शिरली. सूर्य बरोबर डोक्यावर. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं.

“दहा मिनिटं उशीर काऊन?”

मी गच्चीवरच हिशेब मांडला. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, नागपूर एकोणऐंशीवर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे साधारण चौदा. मग चार मिनिटं कुठे गेली? काका नुसते हसले. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेली, त्यामुळे सूर्य वर्षभर घड्याळाच्या थोडा मागेपुढे असतो, हे मला त्याच आठवड्यात वाचनालयात सापडलं. पास झाल्याच्या आनंदापेक्षा त्या चार मिनिटांचा आनंद मला जास्त आठवतो.

काका जाऊन बरीच वर्षं झाली. 20 मे 2025 रोजी नारळीकर गेले, त्या आठवड्यातही मी तोच पाइप बाहेर काढला.

नागपूरला सावली वर्षातून दोनदा हरवते. दुसरा दिवस 17 जुलैच्या सुमारास, तेव्हा वेळ बारा वीसची. मला तो कधी दिसलेला नाही, दर वेळी आभाळ भरलेलं असतं. मी ओळंबा लावतो आणि बारा वाजून वीस मिनिटांपर्यंत छत्री घेऊन थांबतो.